मोठ्या ओहमांचा हेडफोन व स्वतंत्र अँप्लिफायर

रात्रीं घरांतील मंडळी निजल्यावर कोणास त्रास न होतां गाणें ऐकावें, म्हणून एखादे गृहस्थ मोठ्या हौसेनें चांगला हेडफोन विकत आणतात. मोबाइलला जोडून पाहतात तों मुलाच्या साध्या हेडफोनपेक्षां त्याचा आवाज बारीक! दुकानदाराकडे जावें तर उत्तर ठरलेलें : "हा ३०० ओहमांचा आहे, याला स्वतंत्र अँप्लिफायर लागणारच." त्या अँप्लिफायरची किंमत कित्येकदां हेडफोनच्या बरोबरीची असते. हा दुसरा खर्च खरोखर अवश्य आहे काय ?

याविषयीं एक जुनी गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मुंबईचें रेडिओ-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्या काळीं स्फटिकाचे रेडिओ-संच प्रचारांत होते. गॅलिनाचा खडा, त्याला टेकलेलें बारीक तारेचें टोंक, उंच बांधलेली एरियल आणि कानाला हेडफोन, एवढाच त्याचा संसार. बॅटरी नाहीं, अँप्लिफायर तर नाहींच. एरियलमध्यें जी अल्पशी शक्ति सांपडे तिच्यावरच हेडफोनचा पडदा हाले. आणि हे हेडफोन किती ओहमांचे ? बहुधा २,००० ते ४,००० ओहमांचे ! म्हणजे आजच्या 'अवघड' हेडफोनच्या दसपट ओहमांचा हेडफोन त्या काळीं अँप्लिफायर नसल्यामुळेंच वापरीत. प्रवाह अत्यंत क्षीण, म्हणून केसासारख्या तारेचे हजारों वेढे घालून चुंबकाचा जोर वाढवावा लागे. ओहम वाढत ते त्या वेढ्यांपायीं. तेव्हां नुसत्या ओहमांच्या आंकड्याला भिण्याचें कारण नाहीं.

उलटसुलट वाहणाऱ्या विजेला होणारा जो एकंदर अडथळा त्यास इंपीडन्स म्हणतात, व तो ओहमांत मोजतात. मोबाइल आपल्या ठराविक दाबानें वीज देतो; त्या दाबाच्या वर्गाला ओहमांनीं भागिलें म्हणजे हेडफोनला मिळणारी शक्ति निघते. जर्मनीच्या बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ८८० हा हेडफोन ३२, २५० व ६०० ओहम अशा तीन प्रकारांत निघाला, आणि तिन्हींची संवेदनशीलता एकच सांगितलेली आहे : एक मिलिवॅट शक्तीला ९६ डेसिबल आवाज. पुष्कळशा मोबाइलांतून किंवा त्यांच्या जोडतारांतून फार तर एक व्होल्ट मिळतो. तेवढ्या दाबानें पहिल्याला ३१ मिलिवॅट मिळतात, दुसऱ्याला ४, आणि तिसऱ्याला दोनहि नाहींत. आवाज मात्र अनुक्रमें १११, १०२ व ९८ डेसिबल. शक्ति जवळजवळ एकोणीसपट घटली तरी आवाज तेराच डेसिबलांनीं उतरला.

९८ डेसिबल हा कांहीं थोडा आवाज नव्हे. मग तक्रार कां व्हावी? हा आंकडा ध्वनिमुद्रणांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या स्वराचा आहे. आजचें चित्रपटगीत बहुतेक सर्व वेळ त्या कमाल मर्यादेजवळच वावरतें, म्हणून तें खणखणीत वाजतें. पण मैफलींत मुद्रित केलेला विलंबित ख्याल लावला तर गोष्ट निराळी. तेथें तानांसाठीं आणि टाळ्यांसाठीं वर जागा राखलेली असते. शांत आलापी त्या मर्यादेच्या तीस डेसिबल खालीं असूं शकते, तंबोरा तर त्याहूनहि खालीं. ६०० ओहमांच्या हेडफोनवर अशी आलापी ६८ डेसिबलांवर, म्हणजे साध्या बोलण्याच्या आसपास येते. यंत्र अर्धाच व्होल्ट देणारें असेल तर आणखी सहा डेसिबल गेले. अशा ठिकाणीं पांच व्होल्ट देणारा अँप्लिफायर आपले पैसे वसूल करून देतो. तथापि दोन व्होल्ट देणारी लहानशी जोडतारहि एक व्होल्टापेक्षां सहा डेसिबल अधिक देते, व पुष्कळांस तेवढें पुरतें. दुकानदार हें सहसा सांगत नाहीं.

उलटपक्षीं, थोड्या ओहमांचा हेडफोन म्हणजे निश्चिंती, असेंहि समजूं नये. ऑस्ट्रियाच्या एकेजी कंपनीचा के १००० हा अवघ्या १२० ओहमांचा. पण एका मिलिवॅटला त्याचा आवाज ७४ डेसिबलच. डीटी ८८० ची बरोबरी करावयास त्याला दीडशेंपटींहून अधिक शक्ति लागते, आणि म्हणूनच शोकी लोक त्याला लाउडस्पीकरचा अँप्लिफायर जोडीत. विकत घेतांना ओहमांबरोबर संवेदनशीलता विचारावी ती याकरितां.

अँप्लिफायर लावतांच "गाणें कसें मोकळें झालें !" असेंहि पुष्कळजण सांगतात. त्यांत बराच वांटा थोड्या वाढलेल्या आवाजाचाच असतो. दोन्ही आवाज सारखे करून ऐकलें म्हणजे हा मोकळेपणा बहुधा ओसरतो.

त्या गृहस्थांनीं आपल्या संग्रहांतील सर्वांत हळू ध्वनिमुद्रण काढावें, मोबाइलमध्यें आवाजाला मर्यादा घालणारी योजना चालू नाहीं ना तें पाहावें, आणि आवाज हळूहळू वाढवावा. शेवटच्या खुणेच्या आंतच समाधान झालें तर अँप्लिफायर नको. शेवटची खूण गांठूनहि आवाज अपुराच वाटला, तर तोच हेडफोन मुलाच्या कानाला लावून पाहावा. त्यालाहि तो अपुरा वाटला तर जोडतारेची किंवा अँप्लिफायरची चौकशी करण्यास हरकत नाहीं. त्याला मात्र तो भरपूर वाटला, तर दुकानाआधीं कानाच्या डॉक्टरकडे जाऊन यावें.