वसंतांतील ग्रीक बेट : निवांतपणाची निवड

ग्रीस देशाच्या बेटांचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें : निळा समुद्र, कड्यावर पांढऱ्याशुभ्र घरांची उतरंड, आणि मध्येंच निळ्या घुमटाचें एखादें चर्च. हें चित्र खोटें नाहीं. परंतु तें मुख्यतः सांतोरिनी या एकाच बेटाच्या एका कड्याचें आहे. त्या बेटाची कायमची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, आणि २०२३ सालीं तेथें येऊन गेलेल्या पाहुण्यांची संख्या तीस लाखांहून अधिक ! वस्तुतः ग्रीसच्या समुद्रांत लहानमोठीं मिळून सुमारें सहा हजार बेटें व खडक आहेत, आणि त्यांपैकीं सव्वादोनशेंच्या आसपास बेटांवर मनुष्यवस्ती आहे. इतकीं बेटें असतां जगाचा लोंढा मात्र दोनचार ठिकाणींच लोटतो. म्हणून ज्याला वसंतऋतूंत एखादें निवांत व जुन्या वळणाचें बेट पाहावयाचें असेल, त्यानें कोणतें बेट अधिक सुंदर, हा प्रश्न आधीं विचारूं नये. सौंदर्य बहुतेक सर्वांनाच आहे. त्यानें तीन साधे प्रश्न विचारावेत : तेथें पोहोंचावयाचें कसें ? तेथील लोक पाहुण्यांची सरबराई सोडून आणखी काय करतात ? आणि जाण्याच्या आठवड्यांत त्यांच्या पंचांगांत काय आहे ?

पहिला प्रश्न वाहतुकीचा. सांतोरिनी व मिकोनोस या दोन प्रसिद्ध बेटांना विमानतळ आहेत. परदेशांतून विमानें थेट तेथें उतरतात, आणि सहलीचीं अजस्र जहाजेंहि तेथेंच नांगर टाकतात. त्यांच्या शेजारच्याच सिफ्नोस, फोलेगांद्रोस, अमोर्गोस या बेटांना विमानतळ नाहीं. तेथें जाणाऱ्यानें अथेन्सला उतरावें, पिरेयसच्या बंदरावर यावें, आणि बोटींत बसून समुद्र कापीत जावें. हा जो अर्धा दिवस अधिक मोडतो, तोच या बेटांचा तट आहे. घाईचा प्रवासी तो सहसा ओलांडीत नाहीं.

ग्रीक भाषेंत या संबंधीं एक मोठा बोलका शब्द आहे. ज्या मार्गांवर जहाज चालविणें कंपनीला परवडत नाहीं, त्यांस ते लोक ‘आगोनी ग्रामी’ म्हणजे ‘नापीक मार्ग’ म्हणतात. उतारू थोडे, माल थोडा, आणि हिंवाळ्यांत तर तोहि नाहीं; तरीसुद्धां बेटावरील माणसांना पीठ, औषधें व टपाल मिळालें पाहिजे, म्हणून सरकार पैसे भरून त्या मार्गांवर जहाज चालूं ठेवतें. प्रवाशानें एप्रिल महिन्याचें वेळापत्रक पुढें घ्यावें आणि कोणत्या बेटाला आठवड्यांतून किती बोटी लागतात तें मोजावें. जेथें रोज पांचसहा बोटी लागतात, तेथल्या धक्क्यावर गजबज ठरलेलीच. जेथें दोनतीन दिवसांनीं एक बोट येते, तेथें शांतता आहे असें खुशाल समजावें. जाहिरातींतील विशेषणांपेक्षां वेळापत्रकाचे आंकडे अधिक प्रामाणिक असतात.

दुसरा प्रश्न परंपरेचा. येथें पुष्कळांची फसगत होते, ती अशी कीं भिंत पांढरी आणि दार निळें असलें म्हणजे गांव जुन्या वळणाचें, अशी समजूत होऊन बसते. रंग चार दिवसांत लागतो. वळण पडावयास शतकें लागतात. ईजियन समुद्रांत कित्येक शतकें चांचांचा उपद्रव होता. म्हणून बेटाचें मुख्य गांव, ज्याला तेथें ‘खोरा’ म्हणतात, तें बंदरावर न वसवितां वर डोंगरावर, समुद्रावरून सहजासहजीं दिसणार नाहीं असें वसवीत. घरें एकमेकांस चिकटून, बाहेरच्या ओळीच्या पाठभिंती म्हणजेच गांवकूस, आणि गल्ल्या इतक्या अरुंद कीं लादलेलें गाढव कसेंबसें जावें. डोंगरउतारावर चुन्याचा वा मातीचा लेप न देतां नुसते दगड रचून बांध घातलेले, आणि त्या बांधांवर धान्याचीं व द्राक्षांचीं चिंचोळीं शेतें. दगड रचण्याच्या या कलेला युनेस्कोनें २०१८ सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. त्या वेळीं त्या मानांत ग्रीसबरोबर आणखी सात देशांचा वांटा होता. ज्या गांवांत हिंवाळ्यांतहि पावाची भट्टी पेटते, शाळेची घंटा वाजते आणि म्हातारीं माणसें उन्हाला बसतात, त्या गांवाची परंपरा जिवंत आहे. जें गांव ऑक्टोबरांत कुलपें लावून मे महिन्यांत उघडतें, तें कितीहि देखणें असलें तरी गांव नव्हे, बाजार आहे.

आतां तिसरा प्रश्न, आणि वसंतांतील प्रवाशाला तोच सर्वांत महत्त्वाचा. उन्हाळ्यांत हीं बेटें करपून तपकिरी होतात. हिरवीं दिसतात तीं हिंवाळी पावसानंतर, मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत. त्या वेळीं बांधाबांधांवर तांबडी खसखशीचीं फुलें व पांढरी शेवंतीसारखीं रानफुलें उमलतात, आणि गांवागांवांना जोडणाऱ्या जुन्या फरसबंद पाउलवाटांवर चालण्यासारखें सुख नसतें. एप्रिलांत दिवसा हवा मुंबईच्या हिंवाळ्यांतल्या नेहमींच्या दिवसापेक्षांहि गार असते, आणि समुद्राचें पाणी सुमारें सोळा अंश. पोहण्याच्या हौसेनें जाणाऱ्यानें मेअखेरपर्यंत थांबावें. संध्याकाळीं लोंकरीचें वस्त्र अंगावर हवेंच.

याच दिवसांत ग्रीक लोकांचा सर्वांत मोठा सण, ईस्टर, येतो. त्यांचें चर्च हा सण जुन्या ज्यूलियन गणनेनें ठरवितें. त्यामुळें पाश्चात्त्य ईस्टरशीं त्याची गांठ पडतेच असें नाहीं. २०२५ सालीं दोन्ही सण २० एप्रिल या एकाच दिवशीं आले. पण २०२७ सालीं पाश्चात्त्य ईस्टर २८ मार्चला आणि ग्रीक ईस्टर २ मे रोजीं, म्हणजे पांच आठवड्यांचें अंतर. २०२८ सालीं ग्रीक ईस्टर १६ एप्रिलला आहे. ही तारीख न पाहतां तिकिटें काढणें म्हणजे सणाच्या गर्दींत नकळत सांपडणें, किंवा सण पाहावयास जाऊन तो हुकणें.

ईस्टरपूर्वीचे सात आठवडे धार्मिक लोक मांस, मासे, दूध व अंडीं वर्ज्य करतात. शाकाहारी कुटुंबाला ही पर्वणीच आहे. कारण त्या काळांत खाणावळींतून चणे, मसूर, पिवळ्या डाळीचें वरणासारखें घट्ट कालवण, ऑलिव्हच्या तेलांतल्या पालेभाज्या व भात सहज मिळतात. मात्र शिंपल्यांतील जीव, कोळंबी व अष्टपाद यांना त्या उपवासांत मुभा आहे. तेव्हां ‘उपवासाचें’ एवढ्यावर विसंबूं नये, पदार्थांत काय आहे तें विचारून घ्यावें.

गुड फ्रायडेच्या रात्रीं फुलांनीं सजविलेलें ख्रिस्ताचें प्रतीकात्मक शवासन पालखीसारखें गांवांतून मिरवितात. शनिवारीं मध्यरात्रीं चर्चमधील दिवे मालवतात, आणि एका ज्योतीवरून दुसरी अशा सर्वांच्या मेणबत्त्या उजळतात. हें पाहण्यासाठीं अथेन्सला राहणारीं मुलेंनातवंडें आपापल्या बेटांवर परततात, बोटी भरून जातात, आणि एरवीं ओस वाटणारीं घरें दिव्यांनीं भरतात. येथें प्रवाशाच्या ध्यानांत एक गोष्ट यावी : निवांतपणा आणि परंपरा हीं दोन्हीं एकाच आठवड्यांत पुरतेपणीं मिळत नाहींत. परंपरा तिच्या पूर्ण वैभवांत पाहावयाची तर पवित्र आठवडा गांठावा, बोटीचें व खोलीचें आरक्षण फार आधीं करावें, आणि गर्दी सोसावी; ती गर्दी परक्यांची नसून घरच्यांची असते. केवळ शांतता हवी तर ईस्टर उलटून आठदहा दिवस जाऊं द्यावेत. सणासाठीं घरांना नुकताच चुना लावलेला असतो, खाणावळी उघडलेल्या असतात, रानफुलें अजून टिकून असतात, आणि उन्हाळी पाहुणा आलेला नसतो.

हे तीन प्रश्न मनांत ठेवून कांहीं बेटांचा विचार करतां येईल. पहिल्याच प्रवासाला सिफ्नोस सोयीचें. पिरेयसपासून साध्या बोटीनें सुमारें पांच तासांवर, फार दूर नाहीं आणि अगदीं जवळहि नाहीं. प्राचीन काळीं सोन्यारुप्याच्या खाणींनीं हें बेट इतकें संपन्न होतें कीं ख्रिस्तपूर्व ५२५ च्या सुमारास त्यानें डेल्फीच्या तीर्थक्षेत्रीं संगमरवरी कोशागार बांधलें. खाणी गेल्या, माती राहिली. तेथील कुंभार अजून चाक फिरवितात. शनिवारीं रात्रीं खापराच्या भांड्यांत चणे, कांदा व तेल घालून तें लांकडाच्या भट्टींत ठेवतात, आणि रविवारीं तें रात्रभर मुरलेलें कालवण जेवणांत येतें. ईस्टरला त्याच मातीच्या भांड्यांत द्राक्षवेलींच्या काटक्यांवर शेपू घालून कोंकराचें मांस शिजवितात. भांडें, भट्टी आणि सण यांचें नातें तेथें तुटलेलें नाहीं.

त्याहून एकान्त हवा असेल त्यानें फोलेगांद्रोसकडे पाहावें. वस्ती आठशेंहून कमी. खोरा समुद्रापासून सुमारें दोनशें मीटर उंच कड्याच्या काठावर. मध्ययुगीन कोटाच्या आंत अजूनहि लोक राहतात. १९३६ नंतरच्या मेटाक्सासच्या हुकूमशाहींत राजकीय कैद्यांना हद्दपार करून येथें आणून ठेवीत. आज ज्याला शहरी माणूस विसावा म्हणतो, तेंच दूरपण त्या काळीं शिक्षा होतें.

अमोर्गोस हें चालणाऱ्यांचें बेट. वस्ती सुमारें दोन हजार. समुद्रावर सुमारें तीनशें मीटर उंच, उभ्या कड्याला चिकटवावा तसा, अकराव्या शतकांतील होझोव्हिओतिस्सा मठ तेथें आहे. ईस्टरच्या आठवड्यांत त्या मठांतील पवित्र तसबिरी वाजतगाजत गांवोगांव फिरतात. येथील भूमि भूकंपप्रवण आहे; १९५६ सालीं मोठा भूकंप झाला, आणि २०२५ च्या आरंभीं सांतोरिनी व अमोर्गोस यांच्या दरम्यान अनेक आठवडे धक्के बसत होते. तेव्हां निघण्यापूर्वी सरकारी सूचना पाहणें शहाणपणाचें.

तिनोसची गोष्ट निराळी. तेथें रोज बोटी लागतात. १८२३ सालीं सांपडलेल्या मेरीमातेच्या तसबिरीमुळें तें ग्रीसचें मोठें तीर्थक्षेत्र झालें आहे, आणि २५ मार्च व १५ ऑगस्टला बंदरापासून चर्चपर्यंत गुडघ्यांवर चालत जाणारे भाविक दिसतात. परंतु बंदर सोडून आंत गेलें कीं चाळीसांहून अधिक लहान गांवें आणि जाळीदार नक्षीचे दगडी कबुतरखाने लागतात. पिर्गोस गांवांत संगमरवर कोरण्याची विद्या बापाकडून मुलाकडे चालत आली. तिला २०१५ सालीं युनेस्कोची मान्यता मिळाली. पहिल्या प्रश्नाची कसोटी येथें लागूं पडत नाहीं. निवांत बेट न मिळालें तरी निवांत गांव मिळूं शकतें, हें तिनोस दाखवितें. तसेंच दूरच्या कार्पाथोसला विमानतळ आहे, पण उत्तरेकडील ओलिंपोस गांवांत वयस्क स्त्रिया अजून जुना वेष घालतात, आणि ईस्टरनंतरच्या मंगळवारीं तसबिरी स्मशानांत नेऊन पूर्वजांचीं नांवें घेतात.

या सर्व सुखाची कांहीं किंमत आहे. एप्रिलांत बोटी थोड्या, आणि वारा ठराविक मर्यादेपलीकडे गेला म्हणजे बंदराचे अधिकारी जहाजें रोखून धरतात. मग प्रवासी एक दिवस, कधीं दोन दिवस, बेटावरच अडकतो. म्हणून परतीच्या विमानापूर्वी निदान एक रात्र अथेन्सला ठेवावी, आणि आठदहा दिवसांत दोनांपेक्षां अधिक बेटें जोडूं नयेत. लहान बेटांवर मोठें रुग्णालय नसतें. नेहमींचीं औषधें बरोबर घ्यावींत. अनेक खानावळी व वसतिगृहें ईस्टरपूर्वी बंद असतात. पत्र पाठवून वा दूरध्वनि करून खात्री करावी. पाणी तर सर्वत्रच दुर्मिळ. तें जपून वापरणें हा पाहुण्याचा पहिला धर्म.

शेवटीं एक गोष्ट विसरतां कामा नये. या बेटांची शांतता निसर्गानें दिलेली नाहीं. ती माणसें निघून गेल्यानें आलेली आहे. अनाफी बेटाच्या गवंड्यांनीं एकोणिसाव्या शतकांत पोटासाठीं अथेन्सला जाऊन अक्रोपोलिसच्या पायथ्याशीं आपल्या बेटासारखींच घरें बांधलीं; ती वस्ती आजहि ‘अनाफिओतिका’ म्हणून ओळखली जाते. एकही पाहुणा आला नाहीं तर उरलेलीं माणसेंहि जातील, आणि बांध ढांसळतील. सगळेच पाहुणे एकदम आले तर माणसें राहतील, पण शेतें सोडून खोल्या भाड्यानें देत बसतील. ऑगस्टमध्यें आलेला पाहुणा गर्दींत भर घालतो. एप्रिल-मेमध्यें आलेला पाहुणा तेथल्या भट्टीवाल्याला, कुंभाराला आणि बोटीच्या नापीक मार्गाला थोडा आधार देतो. म्हणून वसंतांतील निवड ही केवळ प्रवाशाच्या सोयीची नाहीं. ज्या गांवीं जावयाचें, तें गांव गांव म्हणून टिकावें अशा वेळीं, अशा रीतीनें जाणें, हेंच निवांत बेट निवडण्याचें खरें मर्म होय.