२९,००० की १९,६१८? चिपलाच विचारा!

जुन्या प्रोसेसरचं झाकण उघडून, त्याचे मायक्रोस्कोपखाली फोटो काढून, आतलं सर्किट उलगडणारी काही मंडळी जगात आहेत. त्यांच्यामुळे पुस्तकातले काही आकडे आणि कंपन्यांनी दिलेली काही उत्तरं पुन्हा तपासली गेली.

इंजिनीअरिंगच्या कुठल्याही दोस्ताला विचारा, ‘८०८६ मध्ये ट्रान्झिस्टर किती?’ व्हायवाच्या आदल्या रात्री ज्याने नोट्स वाचल्यात तो पटकन सांगेल, ‘२९ हजार.’ पुस्तकात तेच, नोट्समध्ये तेच आणि सीनिअरने फॉरवर्ड केलेल्या पीडीएफमध्येही तेच. इंटेलने १९७८ मध्ये ही चिप बाजारात आणली. तेव्हापासून हा आकडा एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवला जातोय.

मग केन शिरिफ या अमेरिकन प्रोग्रामरने एक ८०८६ उघडली, तिचे फोटो काढले आणि ट्रान्झिस्टर मोजले. ते भरले १९,६१८!

बाकीचे नऊ हजारांहून जास्त ट्रान्झिस्टर गेले कुठे? सांगते, पण आधी हे मोजायचं कसं ते बघू.

आधी डबा उघडायचा

आपण ज्याला चिप म्हणतो तो खरं तर चिपचा डबा असतो. ८०८६ चा डबा लांबट, दोन्ही बाजूंना मिळून ४० पाय असलेला. खरी चिप आत असते. नखापेक्षा लहान सिलिकॉनचा चौकोनी तुकडा आणि त्याच्या कडेपासून पायांपर्यंत नेलेल्या अतिशय बारीक तारा.

डबा प्लॅस्टिकचा असेल तर तो गरम, तीव्र अ‍ॅसिडमध्ये विरघळवावा लागतो. हे काम नीट सोय असलेल्या लॅबमध्ये, जाणकार माणसानेच करायचं. घरच्या गॅलरीत तर मुळीच नाही! सिरॅमिकच्या डब्यावर धातूचं झाकण असेल तर काम सोपं होतं, ते छिन्नीने उचकटता येतं. शिरिफही शक्यतो अशाच चिप शोधतात.

पुढचा टप्पा मायक्रोस्कोपचा. बायोलॉजीच्या लॅबमधला इथे चालत नाही, कारण त्यात प्रकाश खालून येतो आणि तो सिलिकॉनच्या आरपार जात नाही. धातूंचा अभ्यास करणारे वापरतात तसा मायक्रोस्कोप लागतो, ज्यात प्रकाश वरून, लेन्समधूनच खाली पडतो. एका फोटोत चिपचा छोटासा भाग मावतो. मग मोबाइलवर पॅनोरमा काढतो तसे भरपूर फोटो एकमेकांना जोडायचे.

पहिल्या फोटोंत वरच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या तारा दिसतात. केमिकलने तो थर काढून पुन्हा फोटो काढले की खाली पॉलिसिलिकॉनच्या रेघा आणि त्याखाली सिलिकॉनचे पट्टे दिसतात. इथे एकच नियम लक्षात ठेवायचा. पॉलिसिलिकॉनची रेघ सिलिकॉनच्या पट्ट्याला जिथे ओलांडते, तिथे ट्रान्झिस्टर तयार होतो. रेघ म्हणजे बटण आणि पट्टा म्हणजे वीज जायचा रस्ता.

मी मास कॉमची, माझा फिजिक्सशी संबंध बारावीला संपला. पण हा नियम कळल्यावर त्या रंगीत नक्षीत मलाही ट्रान्झिस्टर ओळखता यायला लागले. दोन-तीन ट्रान्झिस्टर मिळून एक गेट होतं, अनेक गेट मिळून बेरीज करणारं सर्किट होतं. असं एकेक सर्किट ओळखत सगळी चिप समजून घ्यायची, यालाच रिव्हर्स इंजिनीअरिंग म्हणतात. कंपनीने ड्रॉइंगपासून वस्तू बनवली, हे लोक वस्तूपासून ड्रॉइंग बनवतात.

रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब

आता त्या हरवलेल्या ट्रान्झिस्टरकडे येऊ. ८०८६ च्या आत एक मोठा भाग कायमस्वरूपी मेमरीचा, म्हणजे रॉमचा आहे. ती आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते. जाळीच्या एखाद्या जागी ट्रान्झिस्टर बनवला तर तिथे एक किंमत, नाही बनवला तर दुसरी. शून्य आणि एक असेच लिहिले जातात. त्यामुळे बऱ्याच जागा मुद्दामच रिकाम्या ठेवलेल्या असतात.

२९ हजार हा आकडा येतो तो या रिकाम्या जागाही धरून! म्हणजे नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या मोजल्या आणि ‘इतके प्रेक्षक आले होते’ असं सांगितलं, तसंच काहीसं. इंटेलचा आकडा खोटा नव्हता. चिप उद्योगात अशा जागा मोजायची पद्धतच होती. पण ‘जागा’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळला आणि आपण सगळे खुर्च्यांनाच प्रेक्षक समजत राहिलो.

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षात आम्हाला घोकून घेतात, की दहा ठिकाणी तीच माहिती छापून आली म्हणजे ती दहा जणांनी तपासली असं होत नाही. कदाचित एकानेच सांगितलेली असते आणि नऊ जणांनी उतरवलेली. ८०८६ चा आकडा याचं झकास उदाहरण आहे.

मॅन्युअलमध्ये नसलेली गंमत

याच रॉममध्ये ८०८६ चा ‘मायक्रोकोड’ आहे. आपण प्रोसेसरला गुणाकार करायला सांगतो तेव्हा आत एक छोटा प्रोग्राम चालतो. सरकव, मिळव, पुन्हा सरकव. अशा सूचनांच्या ५१२ ओळी आणि प्रत्येक ओळीत २१ बिट. म्हणजे दहा हजारांहून जास्त शून्य आणि एक, तेही सिलिकॉनवर कोरलेले.

अँड्र्यू जेनर या प्रोग्रामरने २०२० मध्ये शिरिफ यांच्या फोटोंवरून हे सगळे बिट वाचले. इंटेलच्या एका जुन्या पेटंटमध्ये मायक्रोकोडची थोडी माहिती होती, तिचा आधार घेत त्याने त्यांचा अर्थ लावला. तेव्हा एक मजेशीर गोष्ट समोर आली. ८०८६ मध्ये ‘ही सूचना पुन्हा पुन्हा कर’ असं सांगणारा एक प्रीफिक्स आहे. तो चिन्हासहित भागाकाराच्या सूचनेआधी लावला तर भागाकार पुन्हा पुन्हा होत नाही, उत्तराचं चिन्ह उलटं होतं! अधिकचं उणे, उण्याचं अधिक.

कारण काय, तर काटकसर. ‘पुन्हा कर’ हे लक्षात ठेवायला आणि ‘उत्तर उणे आहे’ हे लक्षात ठेवायला चिपच्या आत एकच खूण वापरली आहे. एरवी दोन्ही कामं एकत्र येत नाहीत, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

आता यावर ‘सो व्हॉट?’ असं कुणीही म्हणेल. पण आज आपल्या लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असेल, तर तो याच ८०८६ च्या घराण्यातला आहे. घराण्याचा मूळपुरुष आतून कसा विचार करायचा, हे बाहेरच्या जगाला बिटनिशी कळायला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

पाच नोंदी की सोळा?

आकड्यांच्या मोजणीचं एक वेळ सोडून देऊ. पेंटियमचा किस्सा मात्र थेट पैशांचा आणि विश्वासाचा आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना मूळसंख्यांवरच्या संशोधनात उत्तरं जुळेनात. बाकीच्या शक्यता तपासून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की नवाकोरा पेंटियमच भागाकार चुकतोय. तेव्हा गाजलेलं उदाहरण बघा. ४१,९५,८३५ भागिले ३१,४५,७२७ याचं उत्तर १.३३३८२ यायला हवं, पेंटियम १.३३३७३ देत होता.

सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असं इंटेलचं म्हणणं होतं. लोक ऐकेनात. आयबीएमने पेंटियमचे कॉम्प्युटर पाठवणं थांबवलं. शेवटी डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं जाहीर केलं आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला.

चूक होती एका तक्त्यात. शाळेत भागाकार करताना आपण ‘सात पंचे पस्तीस, म्हणजे पाचचा भाग जाईल’ असा अंदाज घेतो ना, पेंटियम तोच अंदाज तयार तक्त्यात बघून घ्यायचा. तक्त्यातल्या ५ नोंदी चिपवर उतरवताना गळाल्या, असं इंटेलने सांगितलं आणि पुढची तीस वर्षं जगाने तेच सांगितलं.

२०२४ मध्ये शिरिफ यांनी पेंटियमचा तो तक्ता मायक्रोस्कोपखाली वाचला. गळालेल्या नोंदी ५ नव्हत्या, १६ होत्या! त्यातल्या ११ नोंदींपर्यंत भागाकार कधी पोहोचतच नाही, म्हणून त्यांनी कुणाचं उत्तर बिघडवलं नाही. पण सोळा जागा ज्या पद्धतीने रिकाम्या होत्या, त्यावरून शिरिफ यांचा निष्कर्ष असा, की गडबड नोंदी उतरवताना झाली नव्हती, तक्त्याची सीमा ठरवणाऱ्या गणितातच होती. ‘कॉपी करताना चुकलं’ आणि ‘गणितच चुकलं’ यातला फरक पेपर तपासणाऱ्या कुठल्याही सरांना विचारा!

दिसतं तसं नसतंही

फोटो काढला की सगळं कळलं, असंही नाही. झायलॉग कंपनीने १९७६ मध्ये झेड८० हा प्रोसेसर आणला, तेव्हा नक्कल करणाऱ्यांसाठी त्यात मुद्दाम सापळे ठेवले होते. काही ट्रान्झिस्टर फोटोत नेहमीसारखे दिसायचे, पण सिलिकॉनमध्ये वेगळी अशुद्धी मिसळल्यामुळे त्यांचं वागणं वेगळं असायचं. ती अशुद्धी साध्या फोटोत दिसत नाही. नुसत्या चित्रावरून नक्कल करणारा फसलाच. म्हणून फोटोतून सुचलेलं उत्तर खऱ्या चिपच्या वागण्याशी ताडून बघावंच लागतं.

दुसरी मर्यादा काळाची. ८०८६ मधल्या रेघा साधारण ३ मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा भाग. प्रकाशात त्या स्पष्ट दिसतात. आजच्या चिपमधले भाग मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान आहेत, ट्रान्झिस्टर अब्जावधी आणि वर तारांचे एकावर एक कितीतरी थर. तिथे प्रकाशावर चालणाऱ्या मायक्रोस्कोपचं काही चालत नाही.

याचा अर्थ, एकट्या माणसाला घरबसल्या पहिल्या ट्रान्झिस्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचता येतील असे प्रोसेसर जुन्या काळातच बनले. ते आता बनत नाहीत. उलट सिरॅमिकच्या जुन्या चिप त्यांच्यावरच्या सोन्यासाठी भंगारात जाऊन वितळवल्या जातायत. त्यांची मूळ ड्रॉइंग आपल्याला बघायला मिळतीलच, याची खात्री नाही. मग चिप हाच कागद उरतो आणि तो वितळला की तपासायचं कशावरून?

तुम्हाला करायचंय?

अ‍ॅसिड आणि मायक्रोस्कोपशिवायही सुरुवात करता येते. १९७५ चा ६५०२ हा प्रोसेसर अ‍ॅपल-२ मध्ये होता. ग्रेग जेम्स, बॅरी सिल्व्हरमन आणि ब्रायन सिल्व्हरमन यांनी त्याचे फोटो काढून एकेक ट्रान्झिस्टर आणि तार कॉम्प्युटरवर उतरवली आणि २०१० मध्ये ‘व्हिज्युअल ६५०२’ या नावाने सादर केली. ती ब्राउझरमध्ये चालते. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला कुठली तार जिवंत झाली, ते रंगाने दिसतं. ज्यांना डिजिटलचा पेपर जड जातो, त्यांनी एकदा बघाच.

‘हे बेकायदा नाही ना?’ हा प्रश्न मलाही पडला होता. आपल्याकडे चिपच्या मांडणीला संरक्षण देणारा २००० सालचा कायदा आहे. वैज्ञानिक मूल्यमापन, विश्लेषण, संशोधन किंवा शिकवण्यासाठी मांडणीची प्रत केली तर तो भंग धरत नाही, असं त्यातच म्हटलंय. नक्कल करून विकणं ही वेगळी गोष्ट.

तेव्हा कॉलेजच्या लॅबमधलं ८०८६ चं जुनं किट भंगारात निघायला लागलं, तर सरांना विचारून त्यातली चिप तेवढी मागून ठेवा. आणि व्हायवाला ‘ट्रान्झिस्टर किती?’ असं विचारलं तर २९ हजार सांगा, मार्क तिथेच आहेत. सर मूडमध्ये दिसले तर पुढे जोडा, ‘सर, जागा २९ हजार. त्यातले भरलेले १९,६१८.’