हाडाशी सख्य जोडणारा पृष्ठभाग

गेलेल्या दाताच्या जागी जबड्यात कृत्रिम मूळ रोवण्याची आधुनिक पद्धत स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये प्रथम रुग्णावर वापरली. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हा त्यांच्या संशोधनाचा पाया.

परंतु टायटॅनियम हाडाहून कितीतरी ताठर. चावण्याचा भार तेच पेलते, आणि काम न उरलेले भोवतालचे हाड झिजण्याची भीती असते. म्हणून ‘पीक’ या पॉलिमरकडे लक्ष वळले. त्याचा ताठरपणा ३ ते ४ गिगापास्कल, तर टायटॅनियमचा सुमारे ११०. उणीव एकच: हाडाच्या पेशी त्याला सहजी चिकटत नाहीत.

उपाय पृष्ठभागावरच करावा लागतो. तीव्र गंधकाम्लाने त्यावर सूक्ष्म छिद्रांचे जाळे कोरतात, किंवा हाडातील खनिजासारख्या हायड्रॉक्सिअपॅटाइटचा लेप देतात. येथे शर्यत असते: जागा आधी कोण धरणार, पेशी की जंतू? जंतूंचा थर एकदा जमला की औषधेही दुबळी ठरतात. त्यांना रोखण्यासाठी चांदी वा जस्ताचा अंश मिसळतात. मात्र प्रमाण ढळले तर तोच पेशींना मारक ठरतो.

यातील बहुतेक काम अद्याप प्रयोगशाळेत आहे. तूर्त भरवसा टायटॅनियमवरच. मूळ कोणतेही असो, तंबाखूचा त्याग, मधुमेहावर नियंत्रण आणि नित्य स्वच्छता यांवाचून ते टिकणे कठीण.