स्मरणग्रंथ जुना, पण मोलाचा?

जागतिक प्रदर्शनाच्या स्मरणग्रंथाचे मोल वयावर ठरत नाही. किती प्रती उरल्या, कोणत्या अवस्थेत उरल्या आणि आज त्या कोणाला हव्या आहेत, यावर ते ठरते. शिकागोचे १८९३ चे प्रदर्शन पाहा. सहा महिन्यांत तिथे पावणेतीन कोटींच्या आसपास भेटी नोंदल्या गेल्या. या गर्दीसाठी, आणि जाऊ न शकलेल्यांसाठीही, छायाचित्रांचे जाडजूड ग्रंथ भरपूर छापले गेले. घरोघरी ते जपले गेले, म्हणूनच ‘शेप्स वर्ल्ड्स फेअर फोटोग्राफ्ड’सारखे पुस्तक आजही सहज मिळते. उलट, वाचून टाकून द्यायची पत्रके कमी उरली.

कोणी म्हणेल, तिथल्या बहुतेक तात्पुरत्या इमारती नष्ट झाल्या, मग त्यांची चित्रे अमोल नाहीत का? अभ्यासकाला ती मोलाची आहेतच. पण तेच चित्र असंख्य प्रतींत असेल, तर एका प्रतीला भाव येत नाही. आवृत्तीने मात्र फरक पडतो: बॅंक्रॉफ्टच्या ‘द बुक ऑफ द फेअर’च्या मोजक्या प्रतींच्या खास आवृत्त्या साध्या आवृत्तीपेक्षा वरचढ ठरतात. म्हणून आधी सर्व चित्रपाने आणि मूळ बांधणी शाबूत आहे का ते तपासा, नवी बांधणी घाईने करू नका. आणि विक्रेत्याने मागितलेली किंमत नव्हे, तर प्रत्यक्ष विक्रीत मिळालेली किंमत प्रमाण माना.