‘कोणी पाहिले?’ आणि ‘मला गुण आला’

माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले वा लिहिलेले नाही. सबब डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, असे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सांगितले. देशातील तीन विज्ञान अकादमींनी या विधानाचा प्रतिवाद केला. परंतु ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न आजही वर्गावर्गांतून विचारला जातो. त्याला हसून चालणार नाही, उत्तर द्यावे लागेल.

विज्ञानाची भिस्त केवळ डोळ्यांच्या साक्षीवर नसते. माशांपासून चतुष्पाद प्राणी झाले असतील, तर त्यांच्यामधला दुवा अमुक काळाच्या खडकांत सापडावयास हवा, असे अनुमान नील शुबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधले. उत्तर कॅनडातील एल्समियर बेटावर सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत ते शोध घेत राहिले आणि २००४ मध्ये ‘टिक्टालिक’ सापडला. त्याला माशाचे खवले व कल्ले होते. पण मानही होती, आणि परांत मनगटासारखी हाडे होती. आधी केलेले अनुमान असे खरे ठरणे, ही साक्ष प्रत्यक्षदर्शीहून कमी मोलाची नव्हे.

औषधाच्या बाबतीत हाच घोटाळा उलट्या बाजूने होतो. तेथे ‘मला गुण आला’ एवढे पुरेसे मानले जाते. वस्तुतः सर्दी, पाठदुखी असे अनेक विकार आपोआप उतरतात; आणि दुखणे शिगेला पोहोचल्यावरच आपण औषध घेतो, म्हणून उताराचे श्रेय त्यालाच मिळते. १९८८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बेन्व्हेनिस्त यांनी, मूळ द्रव्याचा रेणूही उरणार नाही इतके विरल केलेले द्रावण परिणाम करते, असा दावा ‘नेचर’मध्ये केला. परंतु कोणत्या नळीत काय आहे, हे तपासनिसांनी प्रयोगकर्त्यांपासून लपविताच तो परिणाम नाहीसा झाला. येथे लबाडीचा आरोप करण्याचे कारण नाही. प्रामाणिक माणूसही स्वतःला फसवू शकतो, हाच त्यातील धडा.

याचा अर्थ परंपरा त्याज्य, असा मुळीच नव्हे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन रक्तदाबाची मोजमापे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. जगाने ते वापरले, त्याचे दुष्परिणामही नोंदले. ती वनस्पती मान्य झाली ती प्राचीन म्हणून नव्हे. कसोटीला उतरली म्हणून.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे राज्यघटनेच्या ५१-क या अनुच्छेदाने सांगितलेले नागरिकाचे कर्तव्य आहे. त्याचा आरंभ दुसऱ्याच्या श्रद्धेची टर उडविण्याने होत नाही. ‘माझे म्हणणे चुकीचे असेल, तर ते मला कशावरून कळेल?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने प्रथम स्वतःला विचारावा, आणि तो त्याला शिक्षकाने शिकवावा. ज्या समाजाला हा प्रश्न नकोसा होतो, त्याची किंमत शेवटी रोगी आणि विद्यार्थीच मोजतात.