येरळाकाठचे पाहुणे

केवळ पक्षी पाहण्याकरिता म्हणून प्रवास करणे, ही गोष्ट आपल्या घरांतून अद्याप थोडी चमत्कारिक समजली जाते. औंधास यमाईच्या दर्शनाला निघालेल्या मंडळींना कोणी 'कशाकरिता?' असे विचारीत नाही. परंतु तोच रस्ता पुढे वडुजावरून येरळवाडीच्या जलाशयाकडे जातो, तेथे रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहावयास आम्ही निघालो आहो, असे सांगितले की ऐकणारा किंचित हसतो. आम्हां रहिमतपूरकरांस तर ही यात्रा घराजवळचीच. पहाटे निघावे, दुपारच्या पानावर परत यावे.

खटाव-माण हा पर्जन्यछायेतला मुलूख. येरळा येथेच उगम पावते आणि दक्षिणेस वाहत जाऊन सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळास कृष्णेला मिळते. नदी म्हणावी तर वर्षाचे कित्येक महिने नुसती वाळू. म्हणूनच तिच्या खोऱ्यात जागोजाग पाणी अडविले गेले. नेर व मायणी येथील तलाव 19 व्या शतकाच्या उत्तरार्धातले. येरळवाडीचे धरण स्वातंत्र्योत्तर काळातले. माणसांनी शेतीसाठी साठविलेल्या या पाण्यावर पक्ष्यांनी आपण होऊन हक्क सांगितला. मायणीचे नाव तर रोहितांमुळेच दूरवर गेले. पुढे तो तलाव गाळाने भरत गेला, पाणी टिकेनासे झाले, आणि पाहुणे येरळवाडी व सूर्याचीवाडी यांकडे वळले. 2021 साली शासनाने मायणीस पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. हे योग्यच झाले. मात्र पाटी लावल्याने गाळ निघत नाही.

रोहिताची चोच मध्येच खाली वाकलेली असते, हे पुष्कळांनी चित्रांत पाहिले असेल. ती अशी का, हे त्यास चरताना पाहिल्यावाचून कळत नाही. तो लांब मान खाली सोडून डोके उलटे करतो, चोचीत चिखलपाणी ओढून घेतो आणि जाड जिभेच्या रेट्याने बाहेर लोटतो. चोचीच्या कडांना बारीक कंगव्यासारखी चाळणी असते. तीत शेवाळ, अळ्या व सूक्ष्म जलजीव अडकून राहतात. पिसांतील गुलाबी छटासुद्धा या अन्नातूनच येते; पिल्लू जन्मतः करड्या रंगाचे असते. या पक्ष्यांची मोठी वीण कच्छच्या रणात, चिखलाच्या उंचवट्यांवर होते, आणि एका घरट्यात बहुधा एकच अंडे असते. तात्पर्य, रोहितास पाणी हवे, पण ते उथळ हवे.

आणि अडचण नेमकी येथेच आहे. जिहे-कठापूर उपसा योजनेने कृष्णेचे पाणी उचलून नेरच्या तलावात, म्हणजे येरळेच्या खोऱ्यात, आणले आहे. ज्या गावांनी टँकरची वाट पाहत उन्हाळे काढले, त्यांस 'पक्ष्यांकरिता तलाव अर्धा ठेवा' असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही, कोणासही नाही. परंतु तलाव भरणे निराळे आणि त्याचे काठ मोडणे निराळे. गाळ काढताना चहूबाजूंनी उभा खड्डा न करता एका अंगास सौम्य उतार राखला, आणि तेवढा काठ नांगराखाली जाऊ दिला नाही, तर पाणी ओसरत जाईल तसतशी पक्ष्यांस उथळ जागा मिळत जाईल. यात शेतकऱ्याचे नुकसान फारसे नाही. हे काम मात्र मापे घेणाऱ्या अधिकाऱ्याने खोदाईपूर्वीच मनात धरले पाहिजे.

रोहित न दिसले म्हणून कोणी हिरमुसून परतू नये. घरच्या स्त्रियांस व मुलांस मौज वाटावी अशी नावे आपल्या भाषेने पक्ष्यांस दिली आहेत. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी दोन तांबडे ठिपके, म्हणून ते बदक हळदीकुंकू. अंग काळे आणि कपाळी पांढरा टिळा, म्हणून दुसरा पक्षी वारकरी! हिमालय ओलांडून दख्खनच्या जलाशयांवर येणाऱ्या हंसाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात; तो पट्टकादंब. आणि चक्रवाक? रात्रीच्या विरहाचे श्लोक ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांतील कितीजणांनी हा नारिंगी पक्षी डोळ्यांनी पाहिला असेल? लडाख-तिबेटाकडील उंच सरोवरांकाठी वीण करून तो हिवाळ्यात आपल्याकडे येतो. रात्रीही चरतो आणि मोठ्याने साद घालतो. विरहाच्या कल्पनेचे मूळ तेथेच असावे, असे आम्हांस वाटते.

जाणाऱ्यांनी सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी, भडक वस्त्रे टाळावीत आणि आठपट मोठे दाखविणारी दुर्बीण न्यावी; याहून मोठी हातात स्थिर राहत नाही. छायाचित्राच्या हव्यासाने थेट चिखलापर्यंत मोटार नेणारे आणि उडते कॅमेरे सोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. सबंध थवा उडाला की त्यांस आनंद होतो. पक्ष्यांचे मात्र तेवढे चरणे बुडते. त्यापेक्षा मुलांच्या हाती वही द्यावी. तारीख, पाण्याची पातळी, पक्ष्याचे नाव आणि संख्या एवढे लिहिले तरी पुरे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दरवर्षी जानेवारीत होते, आणि तीत हौशी माणसांनी केलेल्या मोजणीचाच मोठा आधार असतो.

मार्च उलटल्यावर जाणाऱ्यांनी काठावरून विशेष जपून चालावे. टिटवी त्या दिवसांत उघड्या जमिनीवरच, खड्यांत खडे वाटावीत अशी, बहुधा चार अंडी घालते.