काळ्या पडद्यावरचा पाऊस

2023चा ऑगस्ट हा देशातला 1901पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात जालना जिल्ह्यातल्या आठपैकी पाच तालुके होते : भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा.

पिकाला एकूण पावसाइतकाच मधला खंडही महत्त्वाचा. सोयाबीन फुलाशेंगांवर असताना दोन-तीन आठवडे पाणी तुटले, तर आधी पडलेला मुसळधार पाऊस कामी येत नाही. पण बेरजेत हा खंड दडून जातो. समजा, दोन गावांत चार आठवड्यांत सारखाच 120 मिलिमीटर पाऊस झाला. एका गावात दर आठवड्याला 30. दुसऱ्या गावात मात्र असा :

########## 100 पहिला
0 दुसरा
0 तिसरा
## 20 चौथा

एक खूण म्हणजे 10 मिलिमीटर. ही आकृती संगणकाच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त अक्षरे दाखवणाऱ्या काळ्या खिडकीत काढता येते. आकड्याला दहाने भागायचे आणि तितक्या खुणा छापायच्या, बस. 1986मध्ये आलेल्या ‘ग्नूप्लॉट’ या मोफत प्रणालीत यासाठी खास सोय आहे. तिचे नाव ‘डंब’, म्हणजे मठ्ठ. काम मात्र शहाण्याचे. टर्मिनलचा जुना पडदा 80 अक्षरे रुंद आणि 24 ओळी उंच. साध्या खुणांनी तो पूर्ण भरला तरी 1,920 बाइट होतात. मोबाइलवरचा एक फोटो याच्या शेकडो पट जड असतो. रेंज जेमतेम असलेल्या गावातही इतका मजकूर सहज पोचतो.

मराठी नावे आधी लिहिली, तर काना-मात्रांमुळे रुंदीचा हिशेब चुकतो आणि ‘घनसावंगी’समोरची पट्टी ‘परतूर’समोरच्या पट्टीच्या रांगेत येत नाही. म्हणून वर नाव शेवटी ठेवले आहे.

खरा धोका रिकाम्या ओळीत असतो. पाऊस पडला नाही तरी ओळ रिकामी, आणि पर्जन्यमापक बंद पडला तरीही रिकामीच. चार मिलिमीटरची सरही दहाच्या खुणेत बसत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत आकडा हवाच. कोरड्या आठवड्याला 0 लिहावा आणि नोंदच नसेल तिथे ‘नोंद नाही’ असे स्पष्ट लिहावे. बंद मापकाची रिकामी ओळ खंड समजून मोजली गेली, किंवा खरा खंड ‘नोंद नाही’त गेला, तर त्या मंडळातल्या शेतकऱ्याच्या नुकसानीचा हिशेबच बदलतो.